लेखनिकाचा शिक्का

१

दिवे परत लागले तेव्हा काचेच्या थाळीत नुसता कापूस होता.

कापसाच्या मधोमध करंगळीच्या नखाएवढा खळगा होता. थोड्या वेळापूर्वी त्या खळग्यात मातीचा एक काळपट शिक्का होता, आणि त्याच्यावर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका लेखनिकाचं नाव होतं. आता ना नाव होतं ना माती. थाळीभोवती उभी असलेली सहा माणसं आपापले हात लपवावेत की दाखवावेत, या विचारात पडली होती.

"कुणी हलू नका," भाची म्हणाली आणि तिनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

पोलादी दार वरून खाली आलं आणि जमिनीला टेकलं. पंख्याची घरघर थांबली. मामांना दरदरून घाम फुटला, तो शिक्का गेल्यामुळे नव्हे, या दारामुळे.

मामांनी उभं आयुष्य विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवलं होतं. स्वतःच्या हातानं लावलेल्या आगी, स्वतःच्याच घरात पाडलेले दरोडे, सगळं पाहून झालं होतं. कितीही बेरकी माणूस समोर आला तरी ते डगमगत नसत, पण बंद खोलीपुढे त्यांचं काही चालत नसे. लिफ्ट दिसली की ते जिना शोधत. आज केवळ भाचीच्या शब्दाखातर ते संग्रहालयाच्या या तळघरात उतरले होते.

जुन्या, मोडक्या वस्तू जोडायचं आणि जपायचं काम भाची इथे करत होती. शिक्का तिच्याच ताब्यात असे. तिचे वडील, म्हणजे मामांचे भाऊजी, प्राध्यापक होते. जग त्यांना सर म्हणायचं. शिक्क्यावरचं नाव त्यांनीच वाचलं होतं. आई म्हणजे मामांची थोरली बहीण, ताई. ती चित्रकलेची शिक्षिका होती, आणि निवृत्त झाल्यावरही लाकडी ठोकळे कोरून कापडावर नक्षी छापायचा तिचा उद्योग चालूच होता. भाचीच्या गळ्यातला स्कार्फ तिच्याच हातचा. घरच्या या माणसांखेरीज दोघं होते. एक फादर, ज्यांनी प्रदर्शनासाठी चर्चमधलं जुनं बायबल उसनं दिलं होतं. दुसरा फोटोग्राफर. तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यानंच दिवे घालवायला लावले होते, आणि नेमकी त्याची बॅटरी लागली नव्हती.

भिंतीवरचा फोन खणखणला. वरून संचालकबाई बोलत होत्या.

"दार आता ते बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाशिवाय उघडत नाही. तो गर्दीत अडकलाय. पोलिसांनाही कळवलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "मामा, तुम्ही जन्मभर हेच केलंत ना? मग दार उघडायच्या आत शोधून काढा. शिक्का कपाटातून तुमच्या भाचीच्या सहीनं बाहेर आलाय. दिवे घालवायला परवानगी तिचीच. पोलीस आधी तिलाच नेणार, आणि मला मध्ये पडता येणार नाही."

मामांनी फोन ठेवला. भाची त्यांच्याकडे पाहत होती. न विचारताच तिला सगळं कळलेलं दिसत होतं.

२

झडती सुरू झाली. पुरुषांचे खिसे मामांनी पाहिले. भाचीनं आणि ताईनं एकमेकींना तपासलं. फोटोग्राफरच्या बॅगेतून तीन लेन्स, एक मोजा आणि अर्धं सँडविच निघालं. फादरांच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या. कपाटांखाली, टेबलांखाली, कचऱ्याच्या डब्यात, कुठेही काही नव्हतं.

"गिळला असेल कुणीतरी," फोटोग्राफर म्हणाला.

"तुम्हीच सँडविच अर्धं का टाकलंत ते सांगा आधी," फादर म्हणाले. खोलीत आता हवा जड झाली होती आणि जो तो दुसऱ्यापासून हातभर लांब उभा राहायला बघत होता.

सर एका स्टुलावर बसले होते. त्यांची नजर थाळीवरून हटत नव्हती. मामांनी त्यांच्यासमोर बैठक मारली.

"भाऊजी, मला सुरुवातीपासून सांगा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही असं समजा."

"समजायचं कशाला?" सर म्हणाले. सवयीनंच बोलले, थट्टेचा जोर नव्हता. मग त्यांनी सांगायला घेतलं.

बायबलमध्ये यिर्मया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट आहे. त्यानं सांगितलेलं सगळं एका गुंडाळीवर लिहून घेतलं होतं. ती गुंडाळी राजवाड्यातल्या एका लेखनिकाच्या खोलीत ठेवली होती. राजानं ती मागवली, शेगडीपुढे बसून वाचायला लावली आणि वाचून झालेला भाग चाकूनं कापून कापून जाळला. सरांनी तारुण्यापासून ध्यास घेतला होता तो ना संदेष्ट्याचा, ना राजाचा. ज्याच्या खोलीत ती गुंडाळी ठेवली होती, त्या लेखनिकाचा. बायबलमध्ये त्याला जेमतेम दोन-चार ओळी आहेत.

"राजे सापडतात," सर म्हणाले. "त्यांची नावं शत्रूच्या दगडांवरसुद्धा कोरलेली असतात. कारकून कोण कोरून ठेवणार? पण त्या काळी कागद गुंडाळून दोरीनं बांधायचे आणि गाठीवर ओल्या मातीची गोळी दाबून तिच्यावर नाव उमटवायचे. पुढे शहर जळलं. कागद जळून गेले आणि माती मात्र त्याच आगीत भाजली गेली. म्हणून ती टिकली."

दहा वर्षांपूर्वी संग्रहालयाकडे त्या जळलेल्या शहरातल्या खापरांची एक पेटी आली होती. सर ती निवडायला घरी घेऊन आले आणि खापरांच्या तळाशी त्यांना तो शिक्का मिळाला. त्याच्या आधीच्या परिषदेत लोकांनी त्यांना हसून बाहेर काढलं होतं. शिक्का मिळाला आणि हसणारे गप्प झाले.

"मग आज तो कुणाच्या डोळ्यांत खुपला?" मामांनी विचारलं.

सरांऐवजी भाचीनं उत्तर दिलं. "उद्या त्याची तपासणी होती, मामा. माती केव्हा भाजली ते प्रयोगशाळेत कळतं. अजून दोघंतिघं कुजबुजतात की बाबांचा शिक्का बाजारातला असेल म्हणून. त्यांची तोंडं कायमची बंद व्हावीत म्हणून मीच तपासणी मागितली."

"तूच?"

"मीच," ती म्हणाली.

मामांनी मान डोलावली. तपासणीला घाबरणारं कुणीतरी या खोलीत होतं, आणि ती भाची नव्हती. ते पोलिसांना कसं पटवायचं?

३

मामांनी एकेकाला कपाटांच्या मागे नेऊन विचारलं.

फोटोग्राफर रडकुंडीला आला होता. "मी आधी तीन वस्तूंचे फोटो असेच काढले. दिवे घालवायचे, मग बॅटरी लावायची. चौथ्या वेळी बटण अडकलं. माझ्या पोटावर पाय येईल हो, माझं नाव कुठे घेऊ नका!"

म्हणजे दिवे गेल्यावर क्षणभर मिट्ट काळोख होतो, हे सगळ्यांनीच तीनदा पाहिलं होतं.

फादर शांत होते. "मला विचाराल तर मला त्या शिक्क्याची गरजच नव्हती. पुरावा मिळाला म्हणून देव मानणारा माणूस उद्या पुरावा गेला की देवही सोडेल. पण म्हणून मी चोरी करीन का? आणि चोरून ठेवू कुठे?" त्यांनी झग्याचे मोकळे खिसे पुन्हा बाहेर काढून दाखवले. "एक मात्र सांगतो. अंधारात मला डुबुक असा आवाज आला. मला वाटलं माझंच पोट. सकाळपासून काही खाल्लं नाही."

"कुठून आला?"

"पोटाचं म्हणताय की आवाजाचं? डावीकडून कुठून तरी."

फादरांच्या डावीकडे भाचीचं टेबल होतं. अंधारात त्या बाजूला ताई आणि भाची उभ्या होत्या. मामांनी तिकडे पाहिलं नाही, मुद्दामच.

ताई भिंतीला टेकून उभी होती. मामांची आई लवकर गेली होती, तेव्हापासून ताईनंच त्यांना वाढवलं. शाळेत मारामारी केली की तीच यायची आणि मास्तरांना पटवून त्यांना घरी न्यायची. मामांना तिला प्रश्न विचारायचीच लाज वाटत होती.

"ताई, उगाच आपलं विचारायचं म्हणून विचारतोय. तू तो शिक्का कधी नीट पाहिला होतास?"

"काचेतून पाहिलाय, सगळे बघतात तसा." ती पदराशी चाळा करत होती. "मला काय समजतंय त्यातलं? सगळी अक्षरं उलटी. आरसा धरल्याशिवाय एक ओळखता येत नाही."

"बरं, बरं," मामा म्हणाले आणि पुढे झाले. पण काहीतरी खटकलं होतं. काय ते त्यांना सांगता येईना.

ते फोटोग्राफरकडे गेले. "शिक्क्याचा एखादा फोटो आहे का रे? सकाळचा?"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर शिक्का आला. काळपट माती, तिच्यावर दोन ओळी. भाची खांद्यावरून डोकावली.

"मामा, ही लिपी उजवीकडून डावीकडे वाचायची."

"म्हणजे आपल्या हिशेबानं उलटी."

"उलटी नाही हो, दिशा वेगळी. प्रत्येक अक्षर सरळच आहे. आईलासुद्धा वाचता येतं. लहानपणी माझ्याकडून ही अक्षरं तिनंच घोकून घेतली होती, बाबांना वेळ कुठे असायचा?"

मामांचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला. "मग आरसा कशाला लागतो?"

"आरसा शिक्क्याला लागतो." भाचीला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. "घोटाळा होतो बघा. आपण दोन्हीला शिक्काच म्हणतो. जो दगड दाबायचा तोही शिक्का, आणि मातीवर उमटतं तोही शिक्का. दगडावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, म्हणून ती मातीत सरळ उठतात. आपल्याकडे आहे ती फक्त उमटलेली माती."

"आणि दगड?"

"दगड कुणालाच मिळालेला नाही. तो अजून कुणी पाहिलेलाच नाही."

कुणी पाहिला नव्हता असं नाही. एका माणसानं पाहिला होता, आणि आरसा धरून पाहिला होता.

४

तरी माती गेली कुठे, ते उरलंच होतं. मामांनी स्वतःला बजावलं, की एका शब्दावरून कुणाला फासावर चढवू नये, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. खरं म्हणजे त्यांना चूक ठरायचं होतं.

ते भाचीच्या टेबलापाशी गेले. ब्रश, चिमटे, डिंकाची बाटली, आणि ब्रश धुवायची काचेची बरणी. बरणीत गढूळ पाणी. अशा टेबलावर गढूळ पाण्याकडे कोण लक्ष देतो? झडतीत त्यांनी स्वतःच ती दोनदा बाजूला सरकवली होती.

"हे पाणी कधीचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सकाळी ताजं भरलं. आज ब्रश ओला करायला सवड कुठे झाली?" बोलता बोलता भाचीनं बरणीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

मामांनी बाही वर करून बोटं आत घातली. तळाशी मऊ चिखल लागला. बोटं बाहेर काढली तर त्यांना काजळी चिकटली होती.

"फादर," त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाजलेली माती पाण्यात विरघळते का हो?"

"छे! मग पहिल्या पावसात कौलं वाहून नाही का जाणार? विरघळते ती कच्ची माती."

बोलून झाल्यावर फादर थबकले. त्यांनी बरणी पाहिली, मामांची बोटं पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

मामांच्या डोक्यात एकामागून एक गाठी सुटत गेल्या. शहर जळताना भाजलेली माती पाण्यात टाकली असती तर सगळ्यांना दिसेल अशी तळाशी पडून राहिली असती. ही विरघळली, म्हणजे ती कधी भाजलेलीच नव्हती. वरून काजळी फासली होती. उद्या प्रयोगशाळेत हेच बाहेर पडणार होतं. पाण्यात टाकणाऱ्याला ती विरघळणार हे ठाऊक होतं, म्हणजे ती कच्ची आहे हेही ठाऊक होतं. भाचीला ते ठाऊक असतं तर तिनं तपासणी मागितलीच नसती. सरांना ठाऊक असतं तर त्यांनी पहिल्या दिवशीच मुलीला अडवलं असतं. उलट्या अक्षरांचा शिक्का कोरायचा तर हात कोरायला सरावलेला हवा, आणि ती लिपीही यायला हवी. असा हात खोलीत एकच होता. अंधारात तो भाचीच्या टेबलाशेजारीच होता.

फोन पुन्हा वाजला. दार उघडणारा कंपनीचा माणूस संग्रहालयाच्या फाटकात पोचला होता. पोलीसही.

५

"ताई, शिक्का कुठे आहे?"

दोन कपाटांच्या मधल्या बोळात ते दोघंच होते.

"कोणता?"

"दगडाचा. आरसा लागतो तो."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. आधी तिला कळलं नाही. मग आपण काय बोलून गेलो ते आठवलं असावं, कारण ती हळूहळू खाली बसली.

"घरी आहे. माझ्या कोरण्यांच्या डब्यात. त्या परिषदेहून आले ना, तेव्हा त्यांनी अन्न टाकलं होतं. ताट समोर ठेवलं की नुसते बघत बसायचे. लोक म्हणाले होते, सर, तुमचा लेखनिक तुम्हीच जन्माला घातलाय. मला बघवेना रे. म्हणून मीच शिक्का कोरला, माती दाबली आणि त्या खापरांत सरकवली. वाटलं, महिनाभर खूश होतील, चार घास खातील, मग मीच सांगीन की गंमत केली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जगभर फोन केले."

"आणि मग?"

"मग काय? पेपरात आलं. भाषणं झाली. रोज वाटायचं आज सांगावं, आणि रोज ते आदल्या दिवसापेक्षा अवघड झालेलं असायचं. दहा वर्षं मी त्याच खोलीत कोंडून आहे. तुला एका तासात घाम फुटलाय."

"पोरीच्या टेबलावरची बरणी सुचली, कारण हाताशी तीच होती. तिच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही." ताईनं त्यांचं मनगट धरलं. "तू एवढंच सांग की मी चोरी केली. शिक्का खरा होता, म्हाताऱ्या बाईनं लोभानं घेतला आणि घाबरून पाण्यात टाकला. मला नेऊ देत. पण खोटा होता हे बोलू नकोस. ते मरतील रे."

मामा अडकले. खरं बोलावं तर भाऊजींचं आयुष्य मातीत जात होतं. ताईचं ऐकावं तर बहीण तुरुंगात. गप्प बसावं तर भाची. चौथी वाट शोधायला त्यांनी मान वर केली, आणि बोळाच्या तोंडाशी त्यांना सर दिसले.

सरांच्या हातात बरणी होती.

"फादर बोलले ते मी ऐकलं," सर म्हणाले. "कौलांचं. मी अडाणी नाही."

"भाऊजी, तुम्ही जरा बसा."

"थांब." सरांनी पत्नीकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता, घरात काही हरवल्यावर विचारतात तसा. "अक्षरं कुठून घेतलीस? पुस्तकातली नाहीत ती. पुस्तकातली मी ओळखली असती."

ताई बरणीकडे बघत होती.

"सांग ना."

"पोरीला शिकवायला तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं काढलेला तक्ता लावला होतात," ती म्हणाली. "पुढे रंगकामात गेला. त्याच्यावरूनच काढली. मला तेवढीच येत होती."

सरांनी बरणी फळीवर ठेवली. ती सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवली.

"शेवटच्या अक्षराची शेपटी खाली वळते," ते म्हणाले. "त्या वळणावर मी अख्खा प्रबंध लिहिला. म्हटलं, हा माणूस घाईत लिहीत असणार, मनानं हळवा असणार. असं वळण दुसऱ्या कुठल्याच शिक्क्यावर नाही, म्हणून हा नक्की तोच."

"ते वळण तुमचंच आहे," ताई म्हणाली. "तुमचा हात तिथे नेहमी घसरतो."

६

दार वर गेलं. बाहेरची हवा आत आली तरी कुणी लगेच हललं नाही.

संचालकबाई पुढे आणि त्यांच्या मागे दोन पोलीस. "मामा, कळलं का काही? कुणी घेतला?"

मामांनी तोंड उघडलं, पण सर त्यांच्या पुढे झाले.

"कुणीच नाही," सर म्हणाले. "चोरी झालेलीच नाही, बाई. शिक्का खोटा होता. आमच्या घरात तयार झाला आणि मी तो खरा म्हणून तुम्हाला दिला. आज तो पाण्यात पडून विरघळला, एवढंच. माझ्या मुलीचा यात काही संबंध नाही. प्रदर्शन थांबवा. मी लिहून देतो, हवं तिथे सही करतो."

"सर, काय बोलताय तुम्ही? लोक तुम्हाला..."

"हसतील. ते मला सवयीचं आहे."

भाची आईकडे बघत राहिली. मग ती रडायला लागली, आणि फादरांनी तिला धरून बाहेर नेलं. फोटोग्राफर आपली बॅग छातीशी कवटाळून त्यांच्यामागून सटकला. पोलिसांना काय लिहायचं ते सुचत नव्हतं. संचालकबाईच त्यांना समजावत वर घेऊन गेल्या.

सर जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मी कुणावर चिडलेलो नाही," ते म्हणाले. "फक्त एक सांग. पुराव्याशिवायही माझं बरोबर असू शकेल, असं तुला कधी वाटलंच नाही का?"

ताईचे ओठ हलले. मामांना वाटलं, आता ती हो म्हणेल. त्यांनाही वाटत होतं की तिनं हो म्हणावं. एवढं एक खोटं अजून चाललं असतं.

"मी त्याचा विचारच केला नाही," ताई म्हणाली. "तो लेखनिक होता की नव्हता, मला काही देणंघेणं नव्हतं हो. तुम्ही जेवत नव्हता."

सर कठड्याचा आधार घेत एकटेच वर गेले.